काकूंच्या वेबसाइटचं सुतक

आमच्या काकूंची खानावळ त्या शुक्रवारी बेडशात जिथल्या तिथे होती. इंटरनेटवरून मात्र ती गेली होती.

मला हे कळलं पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून. "रविवारी लेणी बघून जेवायला येणार होतो, पण तुमच्या साइटवर 'पंधरा दिवसांत पोट कमी करा' असं का येतंय?" (काकूंकडे इंद्रायणीचा भात आणि वर तूप. पोट कमी व्हायची तिथे सोयच नाही!)

काकूंची निम्मी गिऱ्हाइकं साइट बघूनच येतात. आणि साइट बनवून दिली होती मी, घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरतज्ज्ञ पुतण्याने! शोधाशोध केली, तर साइटच्या नावाची वर्षाची मुदत संपलेली.

"म्हंजी मेलं का ते?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे काका. त्यांना फोन उचलता येतो, ठेवता अजून येत नाही.

"लगेच नाही, आबा. काही दिवस आपल्यासाठी राखून ठेवतात. तेवढ्यात पैसे भरले तर परत मिळतं. नाहीतर मग कुणीही घ्यावं."

आबांचे डोळे चमकले. "आरं, म्हंजी नावाचं बी दिवस असत्यात व्हय! मग दहावा कवा?"

"अवो, गप बसा!" काकू कडाडल्या. "पर बाळा, ही लोकं आदी सांगत न्हाईत का?"

"सांगतात ना! तुमच्याच फोनवर मेल पाठवतात."

काकूंनी शांतपणे विचारलं, "त्येच का? चारदा आलं. चारी बारीला तुला दावलं. तू म्हनलास, काकू, 'मुदत संपली, पैसे भरा' म्हंजी फसवनूक. पुसून टाका."

म्हटलं होतं मी! गावभर तेच सांगत फिरत होतो. शाळेच्या फळ्यावरसुद्धा लिहून आलो होतो.

पासवर्ड तर मी केव्हाच विसरलो होतो. आता पैसे भरायची वाट होती ती त्या मेलमधल्या लिंकवरूनच. "मग... पुसलेत सगळे?"

"न्हाई. मी काय बी टाकून देत न्हाई." (खरंच. त्यांच्या फडताळात माझ्या मुंजीची पत्रिका आहे.)

पैसे भरले. शनिवारी नाव परत आलं, रविवारी गिऱ्हाइकं आली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

यंदा पुन्हा मेल आला. काकूंनी दाखवला. मी चष्मा पुसून तो तीनदा वाचला आणि छातीठोकपणे म्हणालो, "काकू, हा अगदी खरा आहे!"

"तू खरा म्हनतोस?" काकूंनी फोन काढून घेतला. "मग थांब जरा. ह्यास्नी इचारून येते."