भाजीच्या वाफ्यात ज्वारी

पेडगावात बायनाबाईच्या हातची भाजी नावाजलेली होती. पण निजामाच्या फसली सनाच्या तेराशे सेहेचाळीस साली, माघ लागला तरी तिच्या परड्यात हिरवं म्हणावं असं एक पान नव्हतं. घरामागच्या त्या जागेत न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं. जमीन आधी चिबडली, मग खारावली, आणि उन्हं वाढली की वरती पांढरी बुकटी धरू लागली. मागच्या साली लावलेली भेंडी दोन पानांवर आली आणि तिथंच करपली. शेजारची धुरपताबाई तेव्हाच म्हणाली होती, "सोड की आता परडं. तुला का कमी राबणं हाय?"

कमी नव्हतंच. बायनाबाईचा नवरा सटवाजी दोन वर्षांपूर्वी मोट हाकत होता. भरलेली मोट वर येताना बैल धावेच्या उतारावरून खाली जात होते, सटवाजी नेहमीसारखा मोट ओढणाऱ्या दोरावर, नाड्यावर बसलेला, आणि नाडा तुटला. तो कमरेवर आपटला तो दगडावर. परभणीच्या हकिमाचं तेल वर्षभर चोळलं, तेव्हा कुठं काठी आणि भिंत धरून ओसरीपासून मागच्या दारापर्यंत येऊ लागला. त्यापुढं गाडी सरकली नाही. बारा एकर रान पुतण्याकडं, चंद्रभानकडं, वाट्यानं, बटईनं गेलं. एकुलती लेक ताडकळसला दिलेली, तिच्या पदरी तिची लेकरं. मग सकाळी उठून नवऱ्याला न्हाऊ घालायचं, म्हशीचं शेणपाणी करायचं, आडाचं पाणी शेंदायचं, भाकरी थापायच्या, आणि हे सगळं झाल्यावर दिवस अजून अर्धाच सरलेला असायचा.

तरी तिनं परडं सोडलं नाही. रोज भाकरीसंगं मिरचीचा ठेचा आणि कोरडं बेसन खाऊन सटवाजीचं तोंड आलं होतं, आणि तो मुकाट्यानं भाकरीचा अर्धा तुकडा बाजूला सारायचा. ते तिला बघवत नव्हतं. झरीला, तिच्या माहेरी, आई दगडांचा कट्टा रचून त्यात माती भरायची आणि त्या उंच वाफ्यात भाजी लावायची. खालची जमीन कशी का असेना, मूळ वरच्या मातीत वाढायचं. आईला जमलं ते आपल्याला का जमू नये, असं बायनाबाईच्या मनात आलं. आई तेव्हा तिशीची होती आणि आपण पन्नाशीला टेकलो, हे पहिल्या दिवशी संध्याकाळी पाठ धरल्यावर ध्यानात आलं.

गोठ्याची एक भिंत पडलेली होती. तिचे दगड एकेक करून तिनं परड्यात आणले आणि गुडघ्याएवढ्या उंचीचे तीन वाफे रचले. मग माती. ओढा कोरडा पडला होता, त्याच्या तळाचा काळा गाळ चांगला. दुपारचं जेवण उरकलं की डोक्यावर पाटी घेऊन ती निघायची. दिवसाला दहा पाट्या, फार झालं तर बारा. गाळात उकिरड्याचं कुजलेलं शेणखत आणि चुलीची राख मिसळायची. सोळा दिवस लागले. शेवटी शेवटी तर पाटी उतरवून ठेवली की मान काही वेळ वाकडीच राहायची.

सटवाजी मागच्या उंबऱ्यावर बसून बघायचा. एकदाच म्हणाला, "भाजीपाल्यापायी एवढी माती?"

"खाणार तुमीच हाव," ती म्हणाली.

"माती चांगली हाय," तो हळूच म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

त्याच दिवसांत रानात सुगी चालू होती. सटवाजीला आठवत होतं तेव्हापासून एकही खळं त्याच्याविना झालं नव्हतं. मागची दोन वर्षं चंद्रभाननं त्याला गाडीत घालून नेलं होतं. खळ्याच्या कडेला बाज टाकून तो बसायचा, वारा बघायचा, वाऱ्यावर धान्य उधळायला कधी लागायचं ते सांगायचा. यंदाही तो चार दिवस सकाळीच पटका बांधून ओसरीवर बसत होता. पाचव्या दिवशी गाडी आली ती पोती घेऊन.

"झालं बी खळं?" सटवाजीनं विचारलं.

"झालं की काका. तुमाला कशाला तरास द्यावा? उन्हाचं." चंद्रभान वाईट पोरगा नव्हता. त्यानं वाट्याची पोती आत रचली, पाणी प्यायला, काकूला हाक मारून निघून गेला.

सटवाजीनं पटका सोडला आणि घडी न घालताच खुंटीला अडकवला. बायनाबाईनं ते पाहिलं. काही बोलावं असं तिला वाटलं, पण दुपार कलली होती आणि गाळाच्या चार पाट्या राहिल्या होत्या.

शिवरात्र झाली तशी तिनं पेरायला घेतलं. पहिल्या वाफ्यात भेंडी, दुसऱ्यात गवार, कडेनं दोडक्याचे वेल. तिसरा वाफा सगळ्यात मोठा आणि त्यातला गाळ सगळ्यात चांगला. त्यात काकडी आणि चवळी लावायची म्हणून तिनं बी राखेतून काढून पाण्यात भिजत घातलं आणि म्हशीला गवत आणायला गेली. परत आली तर सटवाजी तिसऱ्या वाफ्याच्या दगडावर बसलेला. उंबऱ्यापासून तिथवर दहा पावलं होती, आणि धरायला भिंत नव्हती. धोतर मातीनं माखलं होतं. म्हणजे तो बसून, घसरत घसरत गेला होता.

तिनं भारा टाकला. "तुमी हितं कसं आलाव?"

"पेरलं," तो म्हणाला.

"काय पेरलं?"

"ज्वारी. पोत्यातली घेतली मूठभर."

बायनाबाई वाफ्याजवळ गेली. बोटानं ओढलेल्या सरी होत्या, सरळ, एकीपासून दुसरीपर्यंत सारखं अंतर. माती हातानं दाबलेली. हा वाफा भरायला तिला सहा दिवस लागले होते.

"फागनात कुणी ज्वारी पेरतं का?"

"पाणी दिलं तर येती."

"आन पाणी कोण शेंदायचं?"

त्याचे हात मांडीवर पडलेले होते, नखांत काळी माती. तिच्या मनात आलं, आत्ता सगळी ज्वारी उकरून फेकावी. पण खाली वाकायचं त्राणच राहिलं नव्हतं. रागवायलाही अंगात काही लागतं. तिनं त्याला काखेत धरून उठवलं, आत नेलं, पाय धुतले. भिजत घातलेलं काकडीचं बी तिनं भेंडीच्या वाफ्याच्या कोपऱ्यात, जागा होती तेवढ्यात, खोचून दिलं. चवळी धुरपताबाईला देऊन टाकली.

ज्वारी उगवली. भेंडीच्या आधी उगवली आणि दाट उगवली. सटवाजी रोज उजाडताच मागच्या दारी यायचा, आणि हळूहळू दहा पावलं काठीवर जायला लागला. विरळणी त्यानंच केली. उपटलेले कोंब तो मुठीनं म्हशीला घालायचा. बायनाबाई पाणी शेंदायची. आधी पंधरा घागरी पुरायच्या, त्याच्या आता पंचवीस झाल्या.

"वाईच आनकी लागंल कोपऱ्यात," तो दगडावर बसून सांगायचा.

"घालते."

चैत्र संपता संपता तिला ताप भरला. चार दिवस ती अंथरुणावरून उठली नाही. धुरपताबाईनं भाकऱ्या आणून दिल्या, म्हैस पिळली. पाचव्या दिवशी ती भिंत धरून परड्यात आली. गवार टिकली होती, भेंडी कशीबशी जीव धरून होती, काकडीचा वेल मात्र वाळून दोऱ्यासारखा झाला होता. ज्वारी कमरेएवढी, हिरवीगार.

धुरपताबाई गडूभर ताक घेऊन आली होती. बायनाबाईनं तिला विचारलं, "पाणी कुणी घातलं?"

"मीच. तुझ्या मालकानं भिंतीवरनं हाक मारली. जन्मात कधी बोलले न्हाईत माझ्यासंगं, म्हटलं काय झालं बाई. तर म्हनले, दहा घागरी घाला. कुठं घालायच्या ते बी सांगायचे."

"कुठं घातल्या?"

धुरपताबाईनं जरा मागं बघितलं. "आठ ज्वारीला. दोन बाकीच्याला."

बायनाबाईला हसू आलं. हसता हसता खोकला आला आणि ती खालीच बसली. राग येईल म्हणून तिनं थोडी वाट पाहिली, तो काही आला नाही. ज्या माणसानं पाण्याच्या तांब्यासाठीही कधी कुणाला हाक मारली नव्हती, तो भिंतीवरून शेजारणीला विनवत होता, हे तिला सारखं दिसत राहिलं.

ज्येष्ठात कणसं भरली. अर्धी चिमण्यांनी नेली, सटवाजी दिवसभर डबा बडवत बसायचा तरी. उरलेली त्यानं विळ्यानं स्वतः खुडली, परड्यातच सारवलेल्या जागेवर काठीनं झोडली. उधळायची वेळ आली तेव्हा त्यानं बोट ओलं करून वारा बघितला आणि बायकोला म्हणाला, "थांब. आत्ता न्हाई."

ती सूप डोक्याशी धरून उभी राहिली. हात दुखायला लागले. तो बोट वर धरून बराच वेळ वारा बघत राहिला, मग म्हणाला, "हां. सोड आता."

दोन सुपं ज्वारी निघाली. जात्यावर दळून तिनं भाकरी केली, संगं गवारीची भाजी. सटवाजी सावकाश जेवला.

"कशी हाय?" तिनं विचारलं.

"पाणचट," तो म्हणाला. "उन्हाळी ज्वारीला चव नसती." आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. दर फाल्गुनात मोठा वाफा त्याचाच राहिला. कधी ज्वारी, एकदा तीळ, एकदा तर मूठभर गहू, पण गहू तांबेरा रोगानं गेला. चंद्रभान पुढच्या सालापासून खळ्याला त्याला घेऊन जाऊ लागला. बायनाबाईनं एक दिवस त्याच्या दारात जाऊन तसं सांगितलं होतं, आणि हे सटवाजीला कधी कळलं नाही.

पण ती पुढची गोष्ट. ज्वारीच्या त्या पहिल्या साली पाऊस झाला, गेला, आणि माघ लागला तसे बायनाबाईनं गोठ्याच्या भिंतीचे उरलेले दगड परड्यात ओढायला घेतले. काकडीसाठी जागा नको का? चौथा वाफा रचून झाला, आणि ओढ्याची पहिली पाटी डोक्यावर घेऊन येताना वाटेत तिला दोनदा टेकावं लागलं. मागच्या साली एकदाही टेकली नव्हती.

सटवाजी उंबऱ्यावर होता. "किती पाट्या लागतील?" त्यानं विचारलं.

"चाळीस."

"मग रोज पाचच आन," तो म्हणाला. "घाई कामून करायलीस?"

तिनं पाटी वाफ्यात रिकामी केली, पदरानं मान पुसली आणि दुसरी आणायला निघाली.