उतारावरचे चार मीटर

आमचा मोजणीदार तीस वर्षं टेकड्या मोजत हिंडला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. उतारावर टेप जमिनीवर टाकायची नसते. हवेत आडवी ताणायची, टोकाला ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे खुंटी ठोकायची, मग पुढचा टप्पा. खांदे भरून येतात. पण कायद्यातलं अंतर म्हणजे आडवं अंतर.

पवनचक्की राहत्या घरापासून पाचशे मीटर लांब हवी, असा नियम. ती उभी राहणार होती त्या टेकडीखाली एकच घर, शिवणकाम करणाऱ्या मावशींचं. सुनावणीत त्या एवढंच म्हणाल्या, "पात्यांची सावली मशीनवर फिरत राहिली तर सुईत दोरा कसा ओवू? नियमाएवढी तरी लांब ठेवा."

मोजणीच्या दिवशी दाट धुकं होतं. टेकडी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी. टेप माझ्या हातातून निघून पांढऱ्यात विरत होती, पलीकडून मोजणीदाराचा नुसता आवाज येत होता. ओळंबा दिसेना. मीच म्हटलं, "ओढू या गवतावरून." पाचशे चार भरले. त्याने सही केली, परवाना निघाला.

आठवडा गेला. मग डबा खाताना म्हणाला, "झोपेत त्या उतारावरून चालतोय रे. पाय टेकतच नाहीत. टेप खाली लांब कुठेतरी गवतात पडलेली."

"वहिनींना सांग, रात्री हलकं वाढा."

तो हसला नाही. "आपण उतार मोजला. अंतर मोजलंच नाही."

रविवारी आम्ही ओळंबा घेऊन गेलो. दुपारपर्यंत राबलो. चारशे शहाण्णव.

हरकतींची मुदत संपली होती. आता परवाना थांबवायचा तर मोजणीदारानेच चूक लिहून द्यायला हवी होती. साहेब म्हणाले, "चार मीटरसाठी पायावर धोंडा पाडून घेतोस? निवृत्तीला वर्ष राहिलंय."

"मशीनवर त्या बसणार आहेत, साहेब."

त्याने लिहून दिलं. परवाना थांबला. त्याला नकाशांच्या खोलीत बसवलं.

मावशींना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चार मीटर? एवढ्यात माझा अख्खा ड्रेस बसतो, वर कापड उरतं."

फेरमोजणीला मी नव्या माणसाबरोबर गेलो. पवनचक्कीच्या जागेची खुंटी वर सरकली. पाचशे सहा, आडवे. खाली खिडकीत मशीन चालू असावं. एवढ्या लांबून आवाज येत नाही. मला येत होता.