पाण्यावर न आलेला थर

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, आम्हाला पोलॅरिटी सुरू झालीय. तू हेच शिकवायचीस ना?" आणि मी घाईने विषय बदलला. तुम्हाला ते खटकलं असणार, म्हणून आता नीट लिहिते.

हो, हेच शिकवायचे. पेणहून लग्न होऊन रोह्याजवळच्या वरशाला आले आणि निवृत्त होईपर्यंत रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते. एका रेणूचं ऋण टोक दुसऱ्याचं धन टोक धरून ठेवतं. तेलाच्या रेणूंना अशी टोकं नसतात. पाणी त्यांना आपल्यात घेत नाही, तेल वर तरंगतं.

गेल्या वर्षी आमच्या आळीच्या विहिरीजवळ एका कंपनीचा टँकर गळला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा अधिकारी आला. माझाच विद्यार्थी, पहिल्या बाकावरचा. वाकून नमस्कार केला, माझ्याच ओट्यावर ग्लासभर पाण्यात गोडेतेल ओतलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाला, "हे बाईंनीच शिकवलंय आम्हाला. वरचा थर उपसून टाका, खालचं पाणी चांगलं आहे."

शेजारीण माझ्याकडे वळली. ती खाडीकडची, मिठागरात राबलेली; सहज कुणाचं ऐकत नाही.

"बाई, ह्यो सायेब कालचा पोर. तुमी सांगा. पिऊ का नको?"

"पी," मी म्हणाले. टँकरमध्ये नेमकं काय होतं, हे मी त्याला विचारलंच नाही.

आठवडाभर बायका सकाळी वरच्या वीस-वीस बादल्या ओतून देत आणि मग कळशा भरत. मग शेजारणीच्या सुनेला उलट्या आणि चक्कर सुरू झाली, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. गळतीखाली लावलेला डबा रस्त्याकडेला तसाच पडला होता. शेजारणीने तो आणून माझ्यासमोर आदळला.

"ह्येच ना तुमचं त्याल? दावा तरंगताना."

मी डब्याच्या तळाशी उरलेलं ग्लासभर पाण्यात ओतलं. क्षणभर ग्लासात बारीक धागे हलले, मग सगळं स्वच्छ. बराच वेळ बघत बसलो, थर काही येईना. तेल नव्हतंच ते. त्याच्या रेणूंनाही टोकं होती, आणि पाण्याने ते कधीच धरून घेतले होते, विहिरीच्या तळापर्यंत.

"नाय ना येत वर?"

"नाही."

मी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "बाई, गडबड नको असं वरून सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात की पुढे कुणी विचारणार नाही, म्हणून तर तुमच्या ओट्यावर आलो."

तो धडा विसरला असता तर मला एवढं लागलं नसतं.

त्याच दिवशी मी घरोघर जाऊन सांगितलं, पाणी पिऊ नका, माझं चुकलं. दोन घरांनी दार लावून घेतलं. सून बरी झाली. विहीर बंद केली, वर आता जाळी आहे. शेजारीण अजून माझ्याशी बोलते, रोज बोलते. फक्त, मी 'पी' म्हटलं तरी आता ती तेवढ्यावर पाणी पीत नाही.