कोळशाचं वजन

रिपोर्टवर सही करायला मी पेन उघडलं आणि परत बंद केलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. त्यावर पहिलं नाव मधूचं होतं, दुसरं माझं. मधूला जाऊन सोळा दिवस झाले होते.

ऐंशीच्या दशकात, नागपूरच्या आमच्या लॅबमध्ये मधूनं परदेशातून आलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनला भोक पाडून काचेची नळी बसवली. नळीत निकेलचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून स्वतः न संपणारा पदार्थ. तो ओव्हनमध्ये नीट तापेना, म्हणून मधूनं कोळशाची पूड मिसळली. एका टोकानं कार्बन डायऑक्साइड, चिमणीच्या धुरातला वायू, सोडायचा. दुसऱ्या टोकानं येणारा वायू निळ्या ज्योतीनं जळायचा. निकेल धुराचं इंधन करतं, असं आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलं होतं. पाहुणे आले की मधू आधी खोलीतला दिवा मालवायचा.

नळी धुवायला नेताना आमचे लॅब अटेंडंट धोंडबा म्हणाले होते, "पूड कमी झाल्यासारखी दिसून राहिली, सायेब."

धोंडबा उमरेडच्या विणकराच्या घरातले. "आमच्याकडं सूत तोलून देत, अन् लुगडं तोलून घेत. तुम्ही हे काहून नाही तोलत?"

निकेल संपत नाही, कोळसा नुसता तापवायला. जे संपतच नाही, ते कोण तोलतं? आम्ही फक्त बाहेर येणारा वायू मोजत होतो.

ते आठवून, सही न करताच मी डायरेक्टरांकडे गेलो. "एकदा निकेल न घालता बघतो."

"सोमवारी रिपोर्ट जायचाय. मधूचं शेवटचं काम आहे, कशाला उकरता?"

"म्हणूनच."

नळीत नुसती कोळशाची पूड भरली, तोलून. धोंडबांनी काडी धरली. ज्योत पेटली. तशीच निळी.

"मंग ते निकेल काय करत होतं?"

"काही नाही. बसून होतं."

"सरकारी दिसते," धोंडबा म्हणाले. आम्ही दोघंही सरकारीच. सोळा दिवसांत पहिल्यांदा हसलो.

थंड झाल्यावर तोललं. पूड घटली होती. कोळसाच त्या वायूशी मिळून जळणारा वायू तयार करत होता. इंधन मिळवायला आम्ही इंधनच खर्चत होतो.

रिपोर्ट आठवडाभर उशिरा गेला. निकेलचा उपयोग दिसला नाही, कोळसा खर्च होतो, असं त्यात लिहिलं. पहिलं नाव मधूचंच ठेवलं. प्रकल्प पुढे मंजूर झाला नाही.

प्रत द्यायला मधूच्या घरी गेलो. वहिनींनी ती शेवटपर्यंत वाचली. "म्हणजे ती ज्योत खोटी होती, भाऊजी?"

"ज्योत खरी होती. कशानं जळते, ते आम्ही चुकीचं लिहिलं होतं."

तेव्हापासून, संपत नाही असं सांगितलेली वस्तू मी आधी तोलून ठेवतो.