आतल्या खोलीतल्या समुद्राची हवा

आमच्या घरी समुद्र आहे. नागपुरात, आतल्या खोलीत, चार फूट लांब आणि दीड फूट खोल. हे मी सगळ्यांना सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते. ऑटोवाल्याला सांगितलंय, दातांच्या डॉक्टरलाही सांगितलंय, तेही तोंडात कापूस असताना. ज्या गावात मे महिन्यात नळाला थेट आंघोळीचं गरम पाणी येतं, तिथे मी खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवते. माझं प्रवाळ नुसतं जगत नाही, चांगलं फोफावतं. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन पाणी. माझ्या या काचेच्या टाकीतलं सगळ्यात लाडकं प्रवाळ म्हणजे एक जांभळं, फांद्याफांद्यांचं. बंगळुरूच्या एका छंदिष्टाने आपल्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा नखाएवढा तुकडा मला पाठवला होता. तीन वर्षांत त्याची मूठ झाली. बंगळुरूचा तो गृहस्थ फोनवर म्हणाला होता, "मॅडम, नागपूर में नहीं टिकेगा." त्यामुळे दर सहा महिन्यांनी मी त्याला फोटो पाठवते. खाली काही लिहीत नाही.

घरात एसी एकच, तोही टाकीसाठी घेतलेला. बाकी घर कूलरवर चालतं. माझं लग्न झालेलं नाही, मी आईबाबांबरोबर राहते. "पोरीनं मासोळ्यांसाठी एसी घेतला," असं आई शेजारणींना सांगते, तक्रार केल्याच्या सुरात, पण सांगते प्रत्येकीला.

बाबा खाणीत होते. सावनेरकडच्या, जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत, तीस वर्षं. त्यांचं काम कोळसा काढायचं नव्हतं, हवेचं होतं. खाली ताजी हवा कुठून येते, वापरलेली कुठून जाते, कुठे अडून बसते हे पाहायचं. मग कुठे पडदा बांधायचा, कुठे दार लावायचं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी कायम 'नोकरी' एवढंच लिहिलं. वर्गातल्या मुलींचे वडील बँकेत नाही तर पोस्टात होते, आणि माझ्या बाबांच्या नखांतला काळेपणा रविवारीसुद्धा जायचा नाही. जेवताना ते हवेच्या गोष्टी सांगायला लागले की मी म्हणायचे, "बाबा, पुरे ना." हळूहळू त्यांनी सांगणं सोडलं. निवृत्त झाल्यावर तर कुणी विचारल्याशिवाय ते बोलेनासे झाले, आणि विचारत कुणी नव्हतं.

ताई उमरेडला असते. दरवर्षी उन्हाळ्यात दोन दिवस येऊन जायची. यंदा आपल्या तीन पोट्ट्यांना घेऊन महिनाभर आली. ऊन असं होतं की सकाळी दहालाच आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, पडदे ओढायचो आणि घर संध्याकाळपर्यंत उघडायचो नाही. नागपुरात सगळेच असं करतात. पोट्टे दुसऱ्याच दिवशी गाद्या घेऊन एसीच्या खोलीत घुसले. त्यांच्या मागोमाग ताई, मग आई, मग मी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक समुद्र. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून आईने दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. जेवणाची ताटंसुद्धा आतच यायला लागली. बाबा तेवढे बैठकीत कूलरसमोर राहिले. एसीत त्यांना झोप येत नाही.

आठवड्याने पाण्याचा पीएच उतरला. पीएच म्हणजे पाणी आंबटपणाकडे किती झुकलंय त्याचं माप. समुद्राचा आठच्या थोडा वर असतो, आणि माझ्या टाकीचा तीन वर्षं आठ पूर्णांक दोनच्या आसपास होता. तो सात पूर्णांक सातवर आला. इतका उतरला की प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. मी मीटर तपासला. पुन्हा तपासला. लॅबमधून दुसरा मीटर आणला. त्यानेही तेच सांगितलं.

मग मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. खाण्याचा सोडा तव्यावर चांगला भाजला की तो जास्त तीव्र होतो, पाण्यात घातला की पीएच चढतो. मी रोज सकाळी सोडा भाजायला लागले. आई म्हणाली, "चहा ठेवाले गॅस मोकळा कर वं आता." सोडा घातला की आकडा चढायचा, मी खूश व्हायचे, आणि दुपारी तो पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त सोडा. पाण्यातला क्षार वाढत गेला, पीएच मात्र तिथेच. आणि एके दिवशी जांभळ्या प्रवाळाच्या बुडाशी पांढरं दिसलं. कातडी सोलून निघावी तसं. दुसऱ्या दिवशी ते बोटभर वर चढलं होतं. फांद्यांची टोकंही करपली होती.

मी त्या दिवशी लॅबमध्ये कुणाशी धड बोलले नाही. हे प्रवाळ गेलं तर बंगळुरूचा गृहस्थ खरा ठरणार होता, पण ते खरं कारण नव्हतं. माझ्या हाताने वाढवलेलं काही माझ्याच हाताने मरत होतं आणि का ते मला कळत नव्हतं. नळी नळी रक्त तपासून लोकांना त्यांच्या पोटातलं सांगणारी मी, मला माझ्या घरातलं कळत नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांनी बुद्धवंदना केली आणि जळती अगरबत्ती हातात घेऊन ते सरळ एसीच्या खोलीत आले. त्या खोलीत अगरबत्ती, डासांची कॉइल, सेंट, काहीही आणायचं नाही हा माझा नियम. दारावर लिहून लावलाय. माझं आधीच बिघडलेलं डोकं आणखी बिघडलं.

"बाबा! धूर काहून आणला इथे? पाण्यात जाते तो!"

ते थांबले नाहीत. अगरबत्ती दाराच्या बुडाशी धरली, मग छताशी, मग खिडकीशी. टॉवेल पायाने थोडा सरकवला, पुन्हा जागेवर लावला.

"पाहा," ते म्हणाले. "धूर घुमून राहिला नुसता. बाहेर जाऊन नाही राहिला."

"मग?"

"मग काय. पाणी बिमार नाही तुह्यं. हवा बिमार आहे. दार उघडलं की मले वास येते. तुमाले येत नाही, तुम्ही आतच राहता."

मी म्हणाले की पाण्याचा आणि हवेचा काय संबंध, मी अकरा वर्षं लॅबमध्ये आहे, मला शिकवू नका. होय, असंच म्हणाले, ताईसमोर, पोट्ट्यांसमोर. बाबा रागावले नाहीत. त्यांनी अगरबत्ती बोटांनी विझवली.

"खाणीत माणूस घाबरा झाला तर आम्ही त्याले गोळी नव्हतो देत," ते म्हणाले. "आधी बाहेर काढत होतो. हे पाणी बाहेर काढून पाह्य. एक बादली. मंग मले बोल."

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी बादली भरली. मागच्या अंगणात सावलीत ठेवली, बुडबुड्यांचा छोटा पंप लावला आणि तासभर घड्याळाकडे बघत बसले. तासाने बादली आत आणली. पाणी तापलं म्हणून आकडा बदलला असं कुणी म्हणू नये, निदान मी स्वतः म्हणू नये, म्हणून पाणी टाकीइतकं गार होईपर्यंत थांबले. मग मीटर बुडवला.

आठ पूर्णांक दोन.

पुन्हा बुडवला. आठ पूर्णांक दोन. तेच पाणी. सोड्याचा आणखी कणही न घालता, नुसतं बाहेर नेलं म्हणून.

मला तिथेच सगळं लख्ख दिसलं. सहा माणसं कोंडलेल्या खोलीत रात्रंदिवस श्वास सोडताहेत, तो कार्बन डायऑक्साइड टॉवेलमुळे बाहेर जात नाही, आणि पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारं टाकीखालचं माझं यंत्र तीच शिळी हवा ओढून पाण्यात घुसळतंय. माणसाला नीट श्वास सोडता आला नाही की त्याचं रक्त आंबट होतं. असे रिपोर्ट मी स्वतः काढते. माझी टाकी मला रोज तोच रिपोर्ट देत होती आणि मी तिला सोडा पाजत होते.

माझा स्वभाव असा की चूक कळली की दुसऱ्यावर निघते. मी ताईला म्हणाले, "गाद्या उचल. सगळे बैठकीत. आत्ता." ताईचा चेहरा उतरला. मे महिन्यात, बेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात, माहेरी आलेल्या लेकीला गार खोलीतून उठवायचं! आई तर माझ्याकडे बघतच राहिली.

"थांब वं," बाबा म्हणाले. "पाहुणे काढाचे नाही. हवा आणाची. खाणीत हवा खराब झाली म्हणून आम्ही काम बंद करत होतो का?"

त्या घरात बाबांनी कुणाला थांबवल्याला कित्येक वर्षं झाली होती. मी थांबले.

त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा ते सत्तरीचे दिसत नव्हते. शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणली. भिंतीला कुठे भोक पाडायचं ते ठरवायला अर्धा तास नुसते घराभोवती फिरले. रस्त्याकडची बाजू नको, तिथे गाड्यांचा धूर. मागची नको, तिथे ऊन. शेवटी उत्तरेच्या बोळातली, कडुनिंबाच्या सावलीतली जागा पसंत केली. तिथून बोटभर जाडीची नळी आत घेतली आणि थेट माझ्या फेस काढायच्या यंत्राला जोडली, म्हणजे ते आता खोलीतली नाही, झाडाखालची हवा ओढणार. बाहेरच्या तोंडाला आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा बांधला, धुळीसाठी. छताजवळ एक छोटा एक्झॉस्ट फॅन बसवला. आणि सगळ्यात शेवटी दाराखालचा टॉवेल काढून, झटकून, घडी करून आईच्या हातात दिला.

"एक यायले, एक जायले," त्यांनी पोट्ट्यांना समजावलं. "दोन्ही पाहिजे. एकच ठेवाल तर हवा येतही नाही अन् जातही नाही."

पोट्टे जमिनीवर मांडी घालून ऐकत होते. मी दारात उभी होते. ते खाणीतलं सांगत होते, हवेची दारं, पडदे, चिमूटभर धूळ उडवून हवेची दिशा कशी बघायची ते. यातलं बरंचसं मी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऐकू शकले असते. त्या दिवशी मी पुरे म्हणाले नाही.

दोन दिवसांत पीएच आठ पूर्णांक एकवर आला आणि टिकला. पाहुणे गारच राहिले. सोड्याचा क्षार मात्र मी घातलेला होता, तो थोडं थोडं पाणी बदलत मलाच काढावा लागला. पांढरं चढायचं थांबलं. मग आठवडाभर काहीच झालं नाही, आणि मी दिवसातून वीस वेळा भिंग घेऊन बघायचे. ताई परत उमरेडला जाणार त्या सकाळी, करपलेल्या एका टोकावर मला जांभळी कड दिसली. बुडाच्या पांढऱ्यावरही जिवंत कातडी परत सरकायला लागली होती. मी बाबांना हाक मारली. त्यांना भिंगातून काही दिसलं की नाही कोण जाणे. "हो, हो," म्हणाले, आणि नळीला हात लावून बघितला.

पावसाळा संपल्यावर छंदिष्टांच्या गटातले तिघे पुण्याहून माझी टाकी बघायला आले. बंगळुरूचा तो गृहस्थही त्यांच्याबरोबर आला. त्याने जांभळ्या प्रवाळाकडे पाहिलं, ते आता दोन मुठींचं झालंय, आणि त्याने कान पकडले. मी ते क्षण मनसोक्त उपभोगले, खोटं कशाला बोलू. मग पुण्याच्या एकाने माझी रोजच्या आकड्यांची वही चाळली आणि विचारलं की भर उन्हाळ्यात, बंद घरात, उतरलेला पीएच दोन दिवसांत वर येऊन टिकला कसा? कोणतं औषध घालता?

मी तोंड उघडलं. भाषण तयारच होतं. पण बाबा दारात उभे होते, वंदनेची अगरबत्ती हातात घेऊन. रोज सकाळी ते ती बोळातल्या नळीच्या तोंडाशी धरून बघतात, धूर आत ओढला जातो की नाही. दारावरचा नियम मीच खोडून दुरुस्त केलाय. मी भाषण गिळलं आणि बाबांकडे बोट दाखवलं. पाहुण्याने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही इंजिनियर होता का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर मी आजवर नेहमी एकाच शब्दात दिलं होतं, 'नोकरी'.

"खाणीत होते," मी म्हणाले. "तीस वर्षं, जमिनीखाली. हवेवर होते. हे सगळं त्यांनी केलंय."

बाबांनी अगरबत्ती दुसऱ्या हातात घेतली. मग टाकीकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हणाले, "पाणी हिचं आहे. हवा माही."