मॅडम तसं म्हणाल्याच नव्हत्या

हे घरात कुणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही. किती वर्षं झाली — शब्द ओठांपर्यंत येतात आणि मी दुसरंच काहीतरी बोलतो. आज सांगतो.

चाकणच्या रस्त्यावरच्या आमच्या विद्यापीठात मी कुलसचिव होतो. मॅडम कुलगुरू. संत तुकाराम नगरात वाढलेल्या, बौद्ध घरातल्या; वडील कंपनीत फिटर. मी चिखलीचा, जुन्या शेतकरी घरातला. आमचं छान जमायचं — हे आधीच सांगून ठेवतो. भांडण असतं, तर माझं वागणं निदान समजण्यासारखं तरी झालं असतं ना?

नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. त्यांचे स्वीय सहायक आले. म्हणाले, वाचनकक्षात होम करायचाय, साहेबांची इच्छा आहे. खोलीत आम्ही तिघंच. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाहेर मंडपात पूजा करा, मी स्वतः हात जोडून उभी राहीन. पण वाचनकक्षात कुणाचाच विधी नको. उद्या कुणी बुद्धवंदना म्हणालं, तरी मी नाहीच म्हणेन."

एवढंच. शब्द न् शब्द आठवतो मला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं — कुलगुरू होमाला थोतांड म्हणाल्या. फाटकावर घोषणा, मॅडमच्या फोटोला चपला. मंत्रालयातून चौकशी समिती आली. स्वीय सहायक म्हणाले, "म्हणाल्या." मॅडम म्हणाल्या, "नाही." उरलो मी.

माझ्या साक्षीच्या दिवशी सकाळी चुलतभावाचा फोन आला. तो मंत्र्यांच्या माणसांत ऊठबस करणारा. "दादा, त्या गेल्या की खुर्ची तुमचीच हाय. उगं मधी पडू नका." मी त्याला झापलं. खरंच झापलं. आणि फोन ठेवल्यावर काय केलं? आरशासमोर जाऊन भांग पुन्हा पाडला.

मॅडम समोरच बसल्या होत्या. निर्धास्त — साक्षीला मी होतो ना! मीही खरंच सांगणार होतो. तोंड उघडेपर्यंत मला तसंच वाटत होतं. आणि ऐकू काय आलं?

"थोतांड हा शब्द... हो, वापरला होता त्यांनी."

तो माझा आवाज होता. मी दचकून शेजारी पाहिलं — दुसरं कुणी बोललं की काय! शेजारी कुणीच नव्हतं. लिहिणाऱ्या कारकुनानं वाक्य उतरवून घेतलंसुद्धा. खोडा म्हणता आलं असतं. तेवढा वेळ होता. म्हणालो नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "सर?" — चालता चालता माणूस पडला, की आपण धावतो आणि विचारतो, तशा आवाजात.

आठवड्यात त्यांचा राजीनामा घेतला गेला. मी प्रभारी कुलगुरू झालो. वाचनकक्षात होम झाला. यजमान म्हणून पाटावर मीच बसलो.

पुढे एका दुपारी त्यांचे वडील आले. मॅडम परगावी शिकवायला गेल्या होत्या, त्यांची राहिलेली पुस्तकं न्यायची होती. पंच्याहत्तरीचा माणूस. एक खोकं मी उचललं. जिन्यात ते थांबले, मला खोकं खाली ठेवायला लावलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"साहेब, पोरीनं सांगितलंय मला. सगळे उलटले, पण तुम्ही एकटे खरं बोललात. लई उपकार झाले."

असं का सांगितलं मॅडमनी? म्हाताऱ्या बापाचा माणसांवरचा विश्वास उडू नये म्हणून? की आणखी कशासाठी? मी विचारलं नाही. आजवर नाही.

ते हात सोडत नव्हते. डोळे भरलेले. आताही वेळ होता.

"उपकार कसले, काका," मी म्हणालो. "माझं कर्तव्यच होतं ते."