चुलीपासून दारापर्यंत मावणारी लेन्स

जवळ ये गं पोरी, दुरून फोनमध्ये काय हसतेस? "मामी, धुरकट काचेची जुनी लेन्स कुणी घेतं का?" म्हणालीस. आधी ऐकून तरी घ्यायचंस!

तुझ्या मामांच्या मागे त्यांचा कॅमेरा मी चालवते, ठाऊक आहे तुला. रोलचा, विळीच्या पाटासारखा जड. त्याच्या बारक्या खिडकीतून बघितलं की माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून एकीवर एक आणल्या की नेम बसला. रोल वाया घालवत शिकले मी. पण त्याची लेन्स पडली अरुंद. अंगणात चालते, घरात न्हाई.

आणि मला हवं होतं घरातलंच. आमच्या घरी नव्या भाताच्या दिवशी जी बाई भांडं चुलीवर ठेवते, ती सगळ्यांची जेवणं होईपर्यंत चुलीपासून हलत नाही. हा मान तुझ्या थोरल्या मामीचा, माझ्या जावेचा. मी त्यांना अक्का म्हणते. त्यामुळे दरवर्षी फोटो अंगणात, आणि अक्का सोडून सगळे त्यात. यंदा तर गुडघ्यांपायी त्या लेकाकडे रामनगरला राहायला जाणार असं ठरलं. म्हणजे या चुलीशी त्यांचं हे शेवटचं नवं.

रुंद लेन्स हवी, एवढं कळत होतं. पण किती रुंद? मी भारे बांधायची दोरी घेतली. दारापासून चुलीपर्यंत ताणली, गाठ मारली. दोन भिंतींमधल्या अंतराला दुसरी दोरी.

अक्का बघत होत्या. "काय गं धाकटे, सैपाकघर इकतीस का काय?"

"व्हय, तुमच्यासकट."

बेळगावच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या. एक पस्तीसची, एक अठ्ठावीसची; आकडा लहान तितकं जास्त मावतं. बॅटरी मारून आतलं दाखवलं. पस्तीसची काच स्वच्छ. अठ्ठावीसच्या आत ताकाच्या निवळीसारखं पातळ धुकं.

"मावशी, पस्तीसची न्या. हिच्यात उजेडासमोर फोटो फिका येतो."

खरंच होतं त्याचं. तरी मी दोऱ्या काढल्या. दुकानात मावेनात म्हणून बोळात गेलो.

"बसा असे. तुम्ही अक्का," मी म्हटलं.

बसला बिचारा, हसत. आडव्या दोरीच्या दोन्ही टोकांना शेजारचा शिंपी आणि त्याचं गिऱ्हाईक. पस्तीसची लावली, तर शिंपी अर्धा कापला गेला. अठ्ठावीसला कॅमेऱ्याची खिडकी पुरत नाही, वर वेगळी बारकी खिडकी बसवावी लागते. तिच्यातून बघितलं, तर सगळे आत!

"फिका आला तर भांडायला येऊ नका हां," दुकानदार म्हणाला.

नव्याच्या दिवशी दोन्ही भिंतींना पंगत बसली. दारात पाट आडवा मांडून त्यावर कॅमेरा टेकवला, आधी नेम धरला, मग वरच्या खिडकीतून बघितलं, श्वास रोखला.

"अगं, भात निवतोय! जेवायचं सोडून काय चाललंय तुझं?" अक्का हातातला भाताचा डाव उगारून वळल्या, आणि मी दाबलं.

रोल धुऊन आला. जाळ पांढराफेक, कडेची माणसं जरा ताणलेली, आणि काचेतलं धुकं चुलीच्या धुरात कुठं मिसळलंय ते मलाही सांगता येत नाही. पण अक्का आहेत, डावासकट, मधोमध.

कितीतरी वेळ बघत बसल्या. "मी येवढी रागीट दिसतो व्हय गं?" मग म्हणाल्या, "एक मला दे. तिकडं गॅसच्या वर लावतो."

शिमगा झाला की त्या जाणार. फोटो फोनवर मागू नकोस, पाठवणार नाही. अक्का अजून चुलीशी आहेत तोवर त्यांच्या हातचं जेवायला ये बाई, लवकर ये.